शाळा अडीच किलोमीटरवर, रोज चालत ने-आण : वर्षभर निभेल का?

पायवाट२६

मूल ६ वर्षांचं, यंदा पहिलीत. घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत चालायचा रस्ता २.६ किमी (नकाशावरचं सरळ अंतर नव्हे). वाटेत दोन सिग्नल, आणि सिग्नल नसलेला एक मोठा चौक. शेवटचे ६०० मीटर चढ, उंचीतला फरक साधारण ४० मीटर. दोन तृतीयांश रस्त्याला फूटपाथ आहे, बाकीच्याला नाही. शाळेची वेळ ८.३० ते २.३०. अडीच वर्षांचं धाकटं प्रत्येक खेपेला बरोबर असणार, कारण त्याला घरी सांभाळायला कुणी नाही.

गाडी नाही आणि घ्यायची नाही. शाळेच्या बसमध्ये जागा शिल्लक नाही. साधी बस आहे, पण तिचा नेम नाही. कधी दहा मिनिटांत येते, कधी चाळीस.

"मुलांना सवय होते हो" आणि "वेडेपणा आहे" ही दोन्ही उत्तरं भरपूर मिळाली आहेत. आकड्यांत बोलणारं कुणी असेल तर सांगा. हे कुठे मोडतं आणि का मोडतं, ते आधी कळायला हवंय.

खेपमोजणी

मुलाला झेपेल. मोडलं तर ते तुमच्या बाजूने मोडेल. कारण साधं आहे : मूल दिवसाला दोन खेपा करतं, तुम्ही चार. त्याचे ५.२ किमी, तुमचे १०.४.

वेळेचा हिशेब करू. सहा वर्षांचं मूल लांब अंतर ताशी ३ ते ३.५ किमीच्या वेगाने चालतं, त्यातच खडे उचलणं आणि मांजर दिसली की थांबणं आलं. ३.३ धरलं तर २.६ किमीला ४७ मिनिटं. दोन सिग्नल आणि चौक मिळून तीन मिनिटं. चढासाठी स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ सालचा ठोकताळा अजून उपयोगी पडतो : सपाटीला ताशी ५ किमी, आणि दर ६०० मीटर उंचीला एक तास जादा. म्हणजे १० मीटरला एक मिनिट. तुमचे ४० मीटर म्हणजे मोठ्या माणसाची चार मिनिटं, मुलाची पाच-सहा धरा. एकूण ५५.

परतताना तुम्ही आणि धाकटं, उतार, ३३ मिनिटं. दुपारी आणायला जाताना ३७. मुलाला घेऊन येताना उतार असला तरी ते दमलेलं असतं, तेव्हा पुन्हा ५५. बेरीज तीन तास. रोज.

आता ते घड्याळावर मांडा. ८.२० ला फाटकाशी पोचायचं तर ७.२५ ला दार ओढायचं. घरी परत ८.५५ ला. पुन्हा बाहेर १.५० ला, आणि घरात ३.२५ ला. म्हणजे तुमचा सलग मोकळा वेळ पाच तासांहून कमी, आणि धाकट्याची दुपारची झोप नेमकी आणायला जायच्या खेपेत येते. ते बाबागाडीत झोपेल, शाळेच्या फाटकावरच्या गोंगाटाने उठेल, आणि संध्याकाळी त्याची किंमत वसूल करेल. बहुतेक घरांत हे वेळापत्रक पायांमुळे कोलमडत नाही, या झोपेमुळे कोलमडतं.

बसबद्दल मात्र तुम्ही घाईने फुली मारली आहे असं वाटतं. चार खेपांपैकी दोन अशा आहेत की उशीर झाला तर नुकसान : सकाळी पोचवणं आणि दुपारी आणायला पोचणं. उरलेल्या दोन परतीच्या. परतीला बस चाळीस मिनिटांनी आली तरी कुणी खोळंबत नाही. थांब्यावर १५ मिनिटं वाट बघा, नाही आली तर चालायला लागा. बेभरवशाची बस जाताना निरुपयोगी, पण येताना कामाची. दुपारची परतीची खेप जरी निम्म्या दिवशी बसने झाली तरी सगळ्यात जड खेप अर्धी होते.

टाच_आणि_बोटं

वरचा हिशेब बरोबर आहे. त्यात बुटांचा हिशेब घाला.

शाळेचे साधारण २०० दिवस धरले तर तुमचे २,०८० किमी होतात. चालण्या-पळण्याच्या बुटाचा मऊपणा ५०० ते ८०० किमीत संपतो, वरून बूट चांगला दिसला तरी. म्हणजे वर्षाला तीन जोड. एकच जोड वर्षभर ओढला की तळपाय आणि टाच बोलायला लागतात, आणि माणूस म्हणतो "चालणं मला सोसत नाही". सोसत नसतो तो बूट. ओळखायची खूण : बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाचेचा भाग एका बाजूला कलला असेल तर तो बूट संपला.

मुलाचा बूट झिजायच्या आधी लहान होतो. सहाव्या वर्षी दर तीन महिन्यांनी माप बघा. बुटाला पुढून दाबून अंगठा शोधण्यात अर्थ नाही, कारण मुलं बोटं आखडून घेतात. आतला तळ (इनसोल) काढा, त्यावर मुलाला उभं करा, टाच मागच्या कडेला टेकवा. सगळ्यात लांब बोटापुढे एक सेंटीमीटर मोकळं दिसायला हवं. अर्ध्यावर आलं की नवा जोड. "वाढत्या अंगाचा" म्हणून दोन मापं मोठा घेतलेला बूट उलटा त्रास देतो : पाय आत पुढेमागे सरकतो आणि टाचेला फोड येतो. उतारावर तर बोटं पुढे जाऊन आपटतात, आणि तुमच्या वाटेवर परतीला उतारच आहे.

शाळेचा सक्तीचा कडक चामडी बूट असेल तर चालताना खेळाचा बूट घालून फाटकाशी बदला. तीन मिनिटांचं काम आहे.

मोजे सुती असतील तर घामाने ओले होतात आणि ओलेच राहतात. ओली कातडी घासली की फोड. मिश्र धाग्याचे, टाचेला शिवण नसलेले घ्या. टाच लाल दिसली त्याच संध्याकाळी पट्टी लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी म्हणजे चार दिवस उशीर.

दुखण्याबद्दल : मूल रात्री दोन्ही पाय दुखतात म्हणत असेल, पोटऱ्या-मांड्या चोळल्यावर झोपत असेल आणि सकाळी उड्या मारत असेल, तर ते बहुधा वाढीच्या वयातलं नेहमीचं दुखणं. एकाच पायात दुखणं, लंगडणं, सूज, ताप, सकाळी उठतानाच दुखणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा, चालणं थांबवा. साधारण ८ ते १४ या वयात टाचेच्या मागे दुखू लागलं तर टाचेच्या हाडाच्या वाढीच्या पट्टीवर ताण आलेला असू शकतो. विश्रांतीने आणि टाचेखाली मऊ गादी घालून ते बरं होतं. तुमच्या थोरल्याला ते वय यायचं आहे, पण हे टिपून ठेवा.

तुमची स्वतःची नडगी दुखायला लागली तर अंतर एकदम वाढवल्याचा तो परिणाम. म्हणून पहिल्या दिवसापासून चारही खेपा करू नका. पहिला आठवडा सकाळची पोचवायची खेप चालत, बाकी जमेल तसं. दुसऱ्या आठवड्यात दुपारची आणायला जायची जोडा. परतीच्या दोन चालत करायच्या असतील तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. पहिल्या आठवड्यात सगळं उत्साहावर निघून जातं, दुसऱ्यात सगळे कुरकुरतात. तिथे सोडू नका.

सावली

दोनच गोष्टी. शाळा सुटल्यावर फाटकातून बाहेर पडायच्या आधी मुलाला शू करून यायला लावा, रोज, विचारू नका. आणि खाऊ फाटकातच द्या, घरी पोचल्यावर नाही. दुपारच्या खेपेतलं रडगाणं दहातले आठ वेळा पायांचं नसतं, पोटातल्या कावळ्यांचं असतं. खाल्ल्यावर पाच मिनिटांनी निघा.

चौकातला

सगळे अंतर मोजत बसलेत. मला त्या चौकाची काळजी वाटते. २.६ किमी हा आकडा भीतीदायक नाही. इंग्लंडच्या कायद्यात शाळेचं "चालण्याजोगं अंतर" ८ वर्षांखालच्या मुलांना २ मैल (३.२ किमी) आणि त्यापुढे ३ मैल (४.८ किमी) धरलं आहे. ती मोफत वाहतूक कुणाला द्यायची हे ठरवायची रेघ आहे, वैद्यकीय सल्ला नव्हे. तरी तुम्ही तिच्या आत आहात.

सिग्नल नसलेला मोठा चौक दिवसातून चार वेळा, म्हणजे वर्षाला ८०० वेळा, बाबागाडी आणि एक मूल घेऊन ओलांडायचा आहे. म्हणून आधी वळसा शोधा. चौक टाळणारी वाट ३०० मीटर लांब पडली तरी मुलाला पाच-सहा मिनिटंच जास्त लागतात. मोठ्या रस्त्याला समांतर आतली गल्ली असेल तर धूरही कमी लागेल.

वळसा नसेलच तर हे पाळा. बाबागाडीचं पुढचं टोक तुमच्या डोळ्यांच्या जवळजवळ एक मीटर पुढे असतं. उभ्या गाड्यांच्या मधून रस्त्यात डोकावताना लोक काय करतात, तर आधी बाबागाडी पुढे सरकवतात आणि मग स्वतः बघतात. म्हणजे धाकटं मूल रस्त्यात आणि डोळे अजून गाडीच्या आड. उलटं करायचं : ब्रेक लावून बाबागाडी मागे, एक हात तिच्यावर, थोरल्याला तिच्या दांड्याला धरून उभं करा, आपण अर्धं पाऊल पुढे येऊन बघा, मग सगळे एकदम.

सव्वाशे सेंटीमीटरच्या आतलं मूल उभ्या गाडीमागे चालकाला दिसतच नाही. येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज ९-१० वर्षांपर्यंत भरवशाचा नसतो, तेव्हा "आता जाऊ या का?" हे विचारून शिकवा, पण निर्णय तुमचाच.

फूटपाथ नसलेल्या तुकड्यात समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चाला, मूल वाहनांच्या अंगाला नव्हे, रस्त्याच्या कडेच्या अंगाला. वळणावर एकामागे एक.

आणि उशीर झाला म्हणून हात धरून ओढू नका. तुम्ही ७० सेंमीचं पाऊल टाकता, सहा वर्षांचं मूल ४५ ते ५०. तुमची ३,७०० पावलं होतात तेव्हा त्याची ५,४०० झालेली असतात. तुमच्या भरभर चालण्याला ते अर्धं पळत असतं. धाकट्याच्या बाबतीत तर हे धोक्याचं आहे. पाच वर्षांखालच्या मुलाचा हात मनगटाला धरून झटक्यात ओढला की कोपराचं हाड जागेवरून सरकू शकतं. मूल हात लोंबता ठेवून रडतं आणि वर उचलत नाही. डॉक्टर ते काही सेकंदांत बसवतात, पण त्यासाठी जावं लागतं. उचलायचं तर काखेत हात घालून.

पायवाट२६

सगळ्यांचे आभार. वळसा आहे, साधारण २५० मीटरचा, आणि तो आतल्या गल्लीतूनच जातो. उद्या चालून बघते. परतीच्या बसचं डोक्यातच आलं नव्हतं.

तीन गोष्टी राहिल्या. बाबागाडी जुनी, छोट्या चाकांची आहे, ती चालेल का? दप्तर किती जड चालतं? आणि पावसाचं काय करायचं?

खेपमोजणी

दप्तर : मुलाच्या वजनाच्या १० टक्के. २० किलोच्या मुलाला २ किलो, रिकाम्या दप्तराचं वजन धरून. घरच्या काट्यावर आधी मूल एकटं उभं करा, मग दप्तरासकट, आणि वजाबाकी करा. बहुतेक वेळा गुन्हेगार पाण्याची बाटली निघते. पाऊण लिटर पाणी आणि स्टीलची बाटली मिळून एक किलोच्या आसपास, म्हणजे निम्मा वाटा तिथेच गेला. घरून पाव लिटर भरून द्या, शाळेत भरून घ्यायला शिकवा. दोन्ही पट्टे खांद्यावर, आणि दप्तराचा तळ कमरेच्या फार खाली लोंबायला नको, नाहीतर मूल तोल सावरायला पुढे वाकून चालतं. चढावर तर हमखास. दप्तर बाबागाडीच्या खालच्या टोपलीत टाकलं तर प्रश्नच मिटतो, पण दांड्याला लटकवू नका.

उन्हाळ्यात दुपारी दर २० मिनिटांनी चार-सहा घोट, तहान लागो न लागो. रस्त्याची सावलीची बाजू सकाळची वेगळी आणि दुपारची वेगळी असते, ती एकदा बघून ठेवा.

तीनचाकी

बाबागाडीचं मी सांगतो. १५ सेंमीची प्लास्टिकची जोडचाकं दुकानातल्या फरशीसाठी असतात. तुटक्या फूटपाथवर ती प्रत्येक फटीत अडकतात, आणि दिवसाला दहा किलोमीटरला त्यांचे आस महिन्या-दोन महिन्यांत खडखडायला लागतात. २५ ते ३० सेंमीची, हवा भरलेली किंवा भरीव रबराची चाकं हवीत. वापरलेली मिळाली तरी चालेल, फक्त ब्रेक उतारावर लावून बघा आणि पट्ट्याचं कुलूप एका हाताने उघडतंय का ते तपासा.

तुमचा चढ १५ मीटरला १ मीटर असा आहे. मूल १३ किलो, बाबागाडी ९, दप्तर २ मिळून २४ किलो. चढावर सतत दीड किलोच्या थोडा वर जोर लावायचा, ते जमतं. अवघड आहे तो उतार, कारण तिथे तोच जोर तुम्हाला पुढे ओढतो. मनगटाला बांधायची दोरी दांड्याला लावा आणि एकदाही विसरू नका.

दांड्याला पिशव्या का नको : धाकट्याला उचललं की पुढचं वजन जातं आणि गाडी मागे उलटते. कधीकधी मूल आत असतानाही, फूटपाथच्या कडेवर चाक चढवताना.

पुढचं चाक थरथरायला लागलं तर लगेच नवं घेऊ नका. गाडी आडवी करा, चाक काढा, आसावर बघा : केस, दोरे आणि धूळ यांची घट्ट अंगठी झालेली असते. ब्लेडने कापून काढा, सिलिकॉनचा फवारा मारा. खाद्यतेल घालू नका, त्याला धूळ चिकटते.

थोरल्यासाठी मागे उभं राहायची फळी मिळते, पण तिची मर्यादा साधारण २० किलोची असते. सहा वर्षांचं मूल तिथे पोचलेलंच असतं. उन्हात बाबागाडीवर कापड पांघरू नका, आत हवा कोंडून तापते. सावलीसाठी छत्री बांधा, बाजू मोकळ्या ठेवा.

टाच_आणि_बोटं

पाऊस. मुलाच्या हातात छत्री देऊ नका. एक हात अडकतो, समोरचं दिसत नाही, आणि वाऱ्यात मूल छत्रीबरोबर फिरतं. रेनकोट घ्या, दप्तरावरून घालता येईल असा, पण घेर पोटरीच्या खाली जायला नको. चढावर मूल त्यावरच पाय देतं. टोपी डोक्याबरोबर वळणारी हवी. नाहीतर मूल डावीउजवीकडे बघतं तेव्हा त्याला टोपीचं अस्तर दिसतं. रंग पिवळा किंवा नारिंगी, पाठीवर चमकती पट्टी.

ओला बूट एका रात्रीत वाळत नाही, म्हणून पावसाळ्यात दोन जोड आलटून-पालटून. घरी आल्या आल्या आतला तळ काढा, वर्तमानपत्राचे बोळे ठासा, तासाभराने बोळे बदला. हीटरपुढे किंवा शेगडीजवळ ठेवलात तर तळव्याचा डिंक सुटतो. दप्तरात झिपच्या पिशवीत कोरडे मोजे कायम ठेवा. ओल्या मोज्यांत सहा तास बसलेलं मूल दुपारी चालणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नसतं.

वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत पडते आहे. पक्क्या इमारतीत शिरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. शाळेला उशीर होऊ दे.

चौकातला

त्या बाजूने आणखी दोन-तीन मुलं चालत जात असतील तर पाळी लावा. जपानमध्ये शेजारची मुलं एकत्र जमून शाळेत जातात, मोठं मूल पुढे, लहानगी मधे. तुमच्याकडे मोठ्या माणसाशिवाय ते करू नका, पण दोन घरांनी मिळून केलं तरी प्रत्येकाच्या खेपा निम्म्या होतात. ठराविक थांबे, ठराविक मिनिट, आणि नियम एकच : थांब्यावर दोन मिनिटांहून जास्त वाट पाहायची नाही. हा नियम सैल सोडला की आठवड्याभरात सगळ्यांनाच उशीर व्हायला लागतो.

खेपमोजणी

उद्याच्या फेरीबद्दल : उद्या रविवार आहे, तेव्हा वळसा बघून या, पण वेळ मोजू नका. रविवारी सिग्नल लवकर सुटतात, मूल ताजं असतं, दप्तर नसतं. खरी चाचणी शाळेच्या दिवशी ७.२५ ला, भरलेलं दप्तर आणि बाबागाडी घेऊन. तीन जागी वेळ टिपा : पहिला सिग्नल, वळसा संपतो तिथे, चढाचा पाया. तीन दिवस टिपलंत की कळेल मिनिटं कुठे गळतात. वळशासकट तासाच्या आत पोचलात तर ठीक. चढाच्या पायथ्याशीच ४८ मिनिटं झाली असतील तर घरातून दहा मिनिटं आधी निघायला लागेल, आणि ती दहा मिनिटं झोपेतून जाणार. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास झोप लागते, तेव्हा तेवढं आधी निजवायचं.

थांबवायची खूणही आधीच ठरवून ठेवा. महिना झाल्यावरही आठवड्यातून तीन दिवस थोरल्याला उचलून घ्यावं लागत असेल, तर दुपारची परत कायमची बसने.

पायवाट२६

७.२५ चा गजर लावला. पहिला आठवडा फक्त सकाळची. शुक्रवारी तीन जागांच्या वेळा इथे टाकते.